धनराज पिल्ले : कौतुकाकडून सरावाकडे

नागपूर शहराच्या पूर्वेकडील लकडगंज हा भाग लाकडाच्या व्यापारासाठी ओळखला जातो. इमारती लाकडाच्या वखारी आणि आरा गिरण्या यांच्या सहवासात वाढणाऱ्या येथील विद्यार्थ्यांना लाकडाची पारख उपजतच असते. हॉकीची काठी परंपरेने सागाची नव्हे, तर तुतीच्या लाकडाची करीत. कारण ते चिवट असते व उष्णता देऊन वाकविता येते. हॉकीचा पाठ अशा परिचित वस्तूपासून सुरू केला, तर मुले तो मन लावून ऐकतात. आणि काठीची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात एक नाव हटकून पुढे येते. ते म्हणजे श्री. धनराज पिल्ले यांचे.

मोडकी काठी, पक्का निर्धार

श्री. पिल्ले यांचा जन्म 16 जुलै 1968 रोजी पुण्याजवळील खडकी येथे झाला. वडील मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी होते. घरची परिस्थिती बेताचीच. दारुगोळा कारखान्याच्या वसाहतीतील मातीच्या मैदानावर, मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हा मुलगा व त्याचे भाऊ खेळले. पुढे थोरले बंधू रमेश मुंबईत खेळू लागले, तेव्हा त्यांच्या मागोमाग धनराजही तेथे गेले. महिंद्र अँड महिंद्र संघात त्यांना श्री. जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले आणि 1989 मध्ये ते भारतीय संघात दाखल झाले.

आदर्शाचाही एक आदर्श

धनराज यांचेही एक दैवत होते : 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघातील मोहम्मद शाहिद. त्यांची चेंडू खेळविण्याची शैली धनराज यांनी बारकाईने न्याहाळली व सरावाने अंगी बाणविली. शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. आवडत्या खेळाडूचे चित्र भिंतीवर लावणे ही कौतुकाची पहिली पायरी होय. त्याची एखादी हालचाल शंभर वेळा करून पाहणे ही दुसरी. विद्यार्थी पहिल्या पायरीवरच थबकला, तर त्या कौतुकाचा त्याला फारसा लाभ होत नाही.

यश, अपयश आणि उपेक्षा

श्री. पिल्ले 1992 ते 2004 या काळात चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले. चार विश्वचषक स्पर्धा आणि चार आशियाई स्पर्धाही खेळले. जर्मनी, फ्रान्स, मलेशिया येथील क्लबांकडून व्यावसायिक खेळाडू म्हणूनही त्यांनी मैदान गाजविले. 1998 मध्ये बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. यापूर्वीचे सुवर्ण 1966 चे. म्हणजे तब्बल 32 वर्षांचा खंड पडला होता.

तथापि, खेळाडूंच्या मानधनाविषयी उघडपणे बोलणाऱ्या या कर्णधाराला व काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना विजयानंतर लगेचच संघाबाहेर बसावे लागले. ‘विश्रांती’ असे त्यास नाव देण्यात आले. ते खचले नाहीत, संघात परतले. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध शेवटच्या काही क्षणांत बरोबरीचा गोल झाला आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. चार ऑलिंपिक खेळूनही त्यांना ऑलिंपिक पदक लाभले नाही. मुलांपासून ही बाजू लपवू नये. पदक हुकले म्हणून परिश्रम वाया जात नाहीत, हे त्यांना अशाच उदाहरणातून पटते. शासनाने खेलरत्न पुरस्कार व पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला आहे.

गावात काय करता येईल?

1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठ्या स्पर्धांत कृत्रिम हिरवळ आली आणि हा खेळ खर्चिक झाला. पूर्ण मैदान 91.4 मीटर लांब व 55 मीटर रुंद लागते. परंतु आरंभ करण्यासाठी एवढ्याची गरज नाही. शाळेच्या पटांगणाचा सपाट केलेला एक भाग, पाच-पाच जणांचे दोन संघ, थोड्या काठ्या व चेंडू एवढ्यावर प्राथमिक कौशल्ये शिकविता येतात. ग्रामपंचायतींनी खेळाची जागा अतिक्रमणापासून राखावी आणि तिची निगा ठेवणाऱ्या माणसाची कदर करावी. मुलींचा संघ मुलांच्या बरोबरीने उभा करावा. मोडलेली काठी टाकून न देता सरावापुरती दुरुस्त करावी. मात्र दोरीचा आधार हा गरिबीचा गौरव समजू नये. होतकरू मुलाला चांगली काठी मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

खडकीच्या त्या घरात गुणवत्ता होती, जिद्द होती आणि लगतच एक मोकळे मैदान होते. पहिल्या दोन गोष्टी मुले स्वतःबरोबर घेऊन येतात. तिसरी मात्र वडीलधाऱ्यांनीच त्यांच्यासाठी राखून ठेवावयाची असते.