लॅब्राडोरचे पहिले वेत आणि नराचा एक्स-रे

लॅब्राडोर मादीपासून पहिले वेत घेताना पहिला निर्णय तिच्याबद्दलच असतो: तिच्यापासून पिल्ले घ्यावीत की नाही. शोमध्ये मिळालेल्या रिबनमधून त्याचे उत्तर मिळत नाही. रिंगमध्ये जज डोके, छाती, पाठ, शेपूट आणि चाल पाहतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या १२२ क्रमांकाच्या मानकात मादीची उंची ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि नराची ५६ ते ५७ सांगितली आहे, तीही मोजता येते. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत किती खोल बसला आहे, हे मात्र कोणत्याही जजला दिसत नाही. चॅम्पियन ठरलेल्या कुत्र्याचे खुबेही खराब असू शकतात.

खुब्याच्या सांध्याचा हा दोष, हिप डिस्प्लेसिया, लॅब्राडोरमध्ये बराच आढळतो. गोळा वाटीत घट्ट बसत नाही, सांधा ढिला राहतो, झिजतो, आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष कळण्यासाठी एक्स-रे लागतो. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ ताणतात आणि मग फिल्म घेतात. कुत्रे किमान एक वर्षाचे झालेले असावे. एफसीआयच्या पद्धतीत ए ते ई अशा पाच श्रेणी आहेत: ए म्हणजे निर्दोष, ई म्हणजे तीव्र दोष. डी आणि ई श्रेणीच्या कुत्र्यांपासून पिल्ले घेऊ नयेत. त्याच वेळी पुढच्या पायांच्या कोपरांचाही एक्स-रे काढून घ्यावा, म्हणजे गुंगी दोनदा द्यावी लागत नाही.

डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आणि जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी या दोन आजारांसाठी डीएनए चाचणी आहे. लॅब्राडोरमधला पीआरएचा नेहमीचा प्रकार आणि ईआयसी, दोन्ही एकेका जनुकामुळे होतात आणि दोन्ही अप्रभावी आहेत. एक पालक वाहक आणि दुसरा स्वच्छ असेल तर पिल्लांना आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. खुब्याचे गणित इतके सरळ नाही. तिथे अनेक जनुके काम करतात, शिवाय अति खाऊ घालून वाढवलेले वजन आणि घरातली गुळगुळीत फरशी भर घालतात. ए श्रेणीच्या आईबापांनाही कधी सदोष पिल्लू होते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पिल्लू लंगडू लागले की नराचा मालक सर्वांत आधी हेच ऐकवतो.

भारतात २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार मादी किमान १८ महिन्यांची हवी, ८ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत, १२ महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि आयुष्यात ५ वेतांची मर्यादा आहे. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. घरच्या एका वेताला कोण विचारतो, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला देणारा अडचणीच्या वेळी सोबत नसतो.

आता नर. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या वेतात चूक झाली ती इथे, म्हणून हा भाग सविस्तर.

निवडलेला नर देखणा होता, किताब मिळवलेला होता, आणि मालक पुण्याच्या शोवर्तुळात ओळखला जाणारा होता. खुब्यांचा रिपोर्ट मागितल्यावर त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. दोन्ही बाजूंना ए. खाली सही, शिक्का, पंधरा आकडी मायक्रोचिप नंबर. लेखिकेने श्रेणी वाचली आणि समाधान मानले. नंबर वाचला नाही. पुढे ब्रुसेला या जिवाणूसाठी रक्तचाचणी मागितली तेव्हा मालक दुखावला. आमच्या कुत्र्यावर संशय घेता का, असा त्याचा सूर होता. ब्रुसेला संगातून पसरतो, गाभण मादीचा गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक मेटिंगआधी दोघांचीही चाचणी होणे ही साधी रीत आहे. तिच्यावर रागावणारा मालक दिसला की तिथेच थांबावे. लेखिका थांबली नाही, चाचणीसाठी हट्ट धरून पुढे गेली. चाचणी निर्दोष आली आणि त्या निर्दोष कागदाने बाकीच्या कागदांवरचाही विश्वास वाढला.

वेत सात पिल्लांचे झाले. त्यातली एक मादी कोल्हापूरच्या एका कुटुंबाकडे गेली. ती सात महिन्यांची असताना तिथल्या काकूंचा फोन आला: ‘ताई, ही पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलते. आणि जिना चढायचं म्हटलं की बसून राहते.’ ढिल्या खुब्यांची ही पाठ्यपुस्तकात सापडणारी खूण आहे. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुबे स्पष्टपणे सदोष होते. महिन्याभरात दुसऱ्या एका पिल्लाचेही तेच निघाले.

त्या रात्री नराच्या रिपोर्टचा जुना फोटो मोठा करून पाहिला गेला. शेजारी वेताच्या नोंदणीसाठी घेतलेली नराच्या पेपरची प्रत होती. दोन्हींवर पंधरा-पंधरा आकडे. पहिले अकरा सारखे आणि शेवटचे चार वेगळे. पाच-सहा वेळा बोट ठेवून वाचले तरी ते चार आकडे जुळले नाहीत. रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा होता.

सकाळी विचारल्यावर मालक आधी म्हणाला, ‘अहो, लॅबला हे होतंच. आणि तुमच्या मादीकडून आलं नसेल कशावरून?’ नंबर वाचून दाखवल्यावर थोडा वेळ शांतता. मग उत्तर आले: ‘तो त्याच्या बापाचा रिपोर्ट आहे. बापाचे खुबे चांगले म्हणजे मुलाचे चांगलेच ना.’ नराचा स्वतःचा एक्स-रे काढला होता का, या प्रश्नाला उत्तर आजतागायत मिळालेले नाही. वर्तुळात मात्र ‘नवशिक्या बाईने पिल्लांना नीट वाढवलं नाही’ अशी बातमी पोचली. म्हणून इथे नोंद करणे भाग आहे: मादीचा एक्स-रे ती दोन वर्षांची असताना काढला होता, फिल्मवर तिचा चिप नंबर छापलेला आहे, आणि दोन्ही बाजूंना ए श्रेणी आहे. नर निर्दोष असता तरीही ही दोन पिल्ले अशीच निघाली असती, हे शक्य आहे. पण हा नर वापरायचा की नाही, हे खऱ्या माहितीवर ठरवण्याचा अधिकार लेखिकेकडून आणि त्या दोन कुटुंबांकडून काढून घेतला गेला.

त्यामुळे नर पाहायला जाताना चिप वाचणारा स्कॅनर स्वतःसोबत न्यावा. नेहमीचे डॉक्टर तो एका दिवसासाठी देतात. कुत्र्याच्या मानेवर तो फिरवावा, येणारा नंबर स्वतः कागदावर लिहावा आणि तो पेडिग्रीवर, खुब्यांच्या रिपोर्टवर, डीएनए रिपोर्टवर आणि फिल्मवर आहे का ते पाहावे. श्रेणी त्यानंतर वाचावी. मोबाइलवरचा फोटो पुरावा म्हणून धरू नये. शक्य असेल तर नराच्या आधीच्या वेतांतल्या दोन-तीन मोठ्या झालेल्या पिल्लांच्या घरी फोन करावा. दोन्ही पेडिग्रींत समान पूर्वज किती आहेत तेही मोजावे. सावत्र भावंडांच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक १२.५ टक्के येतो, सख्ख्या भावंडांच्या जोडीतून २५ टक्के. ‘लाइन ब्रीडिंग आहे’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये, आकडा मागावा.

मादी माजावर आल्यावर अकराव्या किंवा तेराव्या दिवशी नराकडे न्यावी, असा जुना हिशेब आहे. तो अनेकदा चुकतो. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासावे. ते मिलिलिटरला सुमारे ५ नॅनोग्रॅमवर पोचले की अंडी सुटतात, आणि ती फलनक्षम व्हायला आणखी साधारण दोन दिवस लागतात. मेटिंग तेव्हा. जोडी अडकलेली असताना ओढाताण करू नये, अर्धा तासही लागू शकतो.

गाभणकाळ अंडी सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांचा. मेटिंगपासून मोजला तर तो बराच मागेपुढे होतो. चार आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीने गर्भ दिसतात. ५५ व्या दिवसानंतरच्या एक्स-रेमध्ये पिल्ले मोजता येतात, आणि ही मोजणी टाळू नये, कारण शेवटचे पिल्लू आत राहिले आहे का हे तिच्यावरूनच कळते. गाभणपणी कॅल्शियमचे सिरप पाजू नये. शेजारीपाजारी आग्रहाने सांगतात, पण वरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतले कॅल्शियम वापरण्याची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यानंतर दूध वाढताना रक्तातले कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात.

५७ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मादीचे तापमान लिहून ठेवावे. ते ३७.२ अंश सेल्सियसच्या खाली गेले की बहुधा चोवीस तासांत ती विते. अर्धा तास जोरदार कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ गेला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवा स्राव आला, तर थेट दवाखाना. रात्रपाळीचा दवाखाना कोणता आणि तिथे सिझेरियन होते का, हे आठवडाभर आधी स्वतः जाऊन विचारून यावे. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन घरी देऊ नये. पिल्लू आडवे असेल तर त्याने गर्भाशय फाटू शकते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःचे शरीर उबदार ठेवता येत नाही, त्यामुळे त्यांच्या जागेचे तापमान ३० ते ३२ अंश हवे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, आधी ऊब द्यावी, कारण गार शरीरात पचन चालत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे. जन्माचे वजन दहा दिवसांच्या आसपास दुप्पट व्हायला हवे. एखाद्याचे वजन वाढायचे थांबले की ते आजारी दिसेपर्यंत वाट पाहू नये. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध. तिसऱ्या आठवड्यापासून कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, लहान मुले, सगळे हळूहळू कानाडोळ्यांखालून जाऊ द्यावे. पाहुण्यांना मात्र चपला बाहेर काढून हात धुवायला लावावे, पार्व्होचा विषाणू चपलांवरूनही घरात येतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायला नियमाने बंदी आहे. नराच्या मालकाला स्टड फीऐवजी वेतातले पहिले पिल्लू द्यायचे ठरले होते आणि त्याला ते चाळिसाव्या दिवशी हवे होते. नकार दिल्यावर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वेतनोंदणीच्या अर्जावर त्याने तीन आठवडे सही केली नाही. सही त्याच्या हातात राहू देणे हीच चूक होती. फी पैशांत ठरवावी, मेटिंगच्या दिवशी पोच लिहून घ्यावी आणि अर्जावरची सहीही त्याच दिवशी घ्यावी. मादी गाभण राहिली नाही तर पुन्हा मेटिंग मिळणार का, हेही त्याच कागदावर असावे.

पिल्लू घेणाऱ्या घराशी करारही लेखी हवा. त्यात पिल्लाचा चिप नंबर, आईबापांचे चिप नंबर आणि त्यांच्या रिपोर्टच्या प्रती असाव्यात. वर्षाचे झाल्यावर खुब्यांचा एक्स-रे काढून त्याची प्रत ब्रीडरला पाठवण्याची अट असावी, निकाल वाईट असला तरी. आनुवंशिक दोष निघाला तर रक्कम किती परत मिळेल, सदोष कुत्र्याची नसबंदी कोणाच्या खर्चाने होईल, आणि कुटुंबाला कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो रस्त्यावर किंवा दुसऱ्या हाती न जाता ब्रीडरकडेच परत येईल, हे आकड्यांसह लिहावे. कोल्हापूरच्या कुटुंबाशी असा करार नव्हता. रक्कम परत केली गेली आणि दोन्ही पिल्लांच्या नसबंदीचा खर्च लेखिकेने दिला. कोल्हापूरची मादी तिथेच आहे. वजन कमी ठेवल्यामुळे आणि रोज पोहायला नेल्यामुळे ती आता जिना चढते. तिच्या आईपासून पुढचे वेत घेतलेले नाही.