पाऊस नसताना रान का ठिबकते?

डिसेंबरात एखाद्या पहाटे एटापल्लीहून रानाच्या वाटेने पायी निघा. आकाश निरभ्र असते, पावसाचा मागमूस नसतो. तरी सागाखाली उभे राहिले की डोक्यावर टपटप थेंब पडतात. गावाबाहेर धानाच्या बांध्यांवर धुके कधी इतके दाट असते की पलीकडचा बांध दिसत नाही. हे पाणी येते कोठून?

हवेचा हिशेब

हवेत अदृश्य बाष्प असते. पण ते किती मावेल हे तापमानावर ठरते. 20° से. तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे 17 ग्रॅम बाष्प मावते, 12° से.ला सुमारे 10.7 ग्रॅमच. समजा, संध्याकाळच्या हवेत घनमीटरला 12 ग्रॅम बाष्प आहे. ही हवा सुमारे 14° से.पर्यंत निवली की संपृक्त होते. हा तिचा दवबिंदू. त्याखाली जादा बाष्पाचे पाणी होते. ते गार पृष्ठभागावर साचले तर दव. हवेतील सूक्ष्म धूलिकणांभोवती जमले तर धुके.

धुक्याचा कण साधारण 1/50 मिमी व्यासाचा धरू. तो सेकंदाला जेमतेम 1 सेंमी खाली येतो. म्हणून धुके तरंगताना दिसते. मग 2 मिमी व्यासाच्या एका थेंबाला असे किती कण लागतील? व्यास 100 पट, म्हणून घनफळ 100 × 100 × 100 पट. म्हणजे 10 लाख कण!

रानाचे छप्पर

जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. उघड्या बांधीवर ती आकाशाकडे निघून जाते. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवाही निवते. गार हवा जड असल्याने सखल भागात, नाल्याकाठी साचते. धुके आधी तेथेच धरते.

रानात मात्र जमिनीने टाकलेली उष्णता पाने शोषून घेतात आणि तीही उष्णता खाली पाठवतात. त्यामुळे झाडाखालची जमीन तितकी गार होत नाही. आकाशासमोर उघडी असतात ती शेंड्याची पाने. दव त्यांच्यावर धरते. त्यात बांध्यांवरचे धुके वाऱ्याबरोबर आत सरकले की त्याचे कण पाने, काटक्या, कोळ्यांची जाळी यांना चिकटतात. थेंब जड झाला की खाली पडतो. रान ठिबकते ते या दोन्ही कारणांनी.

जपानच्या याकुशिमा बेटावर हजार वर्षांहून जुने देवदारासारखे वृक्ष धुक्यात उभे आहेत. तेथील धुके निराळ्या रीतीने होते. समुद्रावरची दमट हवा 1,936 मीटर उंचीच्या डोंगरावर चढते, प्रसरण पावते आणि निवते. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात हेच घडते.

जुने रान पाहायचे तर इतके दूर जायला नको. आलापल्ली–भामरागड रस्त्यावर सुमारे 6 हेक्टर रान 1953 पासून नैसर्गिक स्थितीत राखले आहे. त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात. 2014 मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथील उंच सागांकडे मान वर करून पाहा. असे एक झाड पडले की छपराला भोक पडते.

करून पाहा

लंडनचे डॉक्टर विल्यम वेल्स यांनी 1814 साली दवावर निबंध प्रसिद्ध केला. लोकरीचे सारख्या वजनाचे झुपके रात्री निरनिराळ्या जागी ठेवून ते सकाळी तोलत. तुम्ही कापूस घ्या. एक झुपका उघड्या अंगणात, दुसरा दाट झाडाखाली, थेंब पडणार नाहीत अशा बेताने ठेवा. उजाडताच दोन्ही तोला. कोणता जड भरेल, हे आधीच वहीत लिहून ठेवा.

धुक्यात रानात एकट्याने जाऊ नका. वाट माहीत असलेल्या मोठ्या माणसाबरोबर जा, वाट सोडू नका. बॅटरीचा झोत समोर न धरता पायांजवळ धरा. समोर धरला तर पांढरी भिंतच दिसते. असे का होते, याचा विचार तुम्हीच करा!