वसुलीची सहल

गिरगाव, मुंबई

चि. मृणाल हिस,


तू पाठवलेलं वेळापत्रक चष्मा लावून नीट वाचलं. शनिवारी पहाटे डोंबिवलीहून निघायचं, दिवसभर खोपोलीचं इमॅजिका, रात्री घरी, आणि रविवारी सकाळी उठून भायखळ्याची राणीची बाग. सोबत केदारराव, तुझ्या सासूबाई आणि त्यांचा गुडघा, सहावीतला ओजस आणि यंदाच पहिलीत गेलेली इरा. कुठल्या राइडला किती मिनिटं, जेवायला किती, कुठल्या पिंजऱ्यापुढे किती, सगळं रकान्यांत बसवलंयस. पुढच्या लग्नकार्यात पंगतींची जबाबदारी तुझ्यावर टाकायला हरकत नाही. तू विचारलंस, ‘मावशी, काही राहिलं का?’ राहिलं काहीच नाही गं. जास्त झालंय.

आपल्याकडे तिकीट काढलं की वसुली सुरू होते. इमॅजिकाचं तिकीट माणशी हजाराच्या वर जातं, म्हणून तिथे आपण पळत सुटतो. राणीच्या बागेत आई-वडील आणि दोन मुलं शंभर रुपयांत आत जातात, म्हणून तिथे आपण काही बघतच नाही. दोन्हीकडे आपल्याला हाकतं ते तिकीटच. संध्याकाळी पोरं रडकुंडीला येतात, नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तरी घरी आल्यावर सांगायचं, पैसे वसूल झाले बरं का. माझं ऐकशील तर तिकिटाचे पैसे गेटातच गेले असं समज. मग आत शिर.

आधी या दोन दिवसांमध्ये आठवड्याचं तरी अंतर टाक. इमॅजिकाच्या दुसऱ्या दिवशी पहिलीतली मुलगी पाणघोडा बघणार नाही, कडेवर झोपेल.

इमॅजिकाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यादीतल्या एक तृतीयांश राइड आजच खोडून टाक आणि त्यांचं सुतक पाळू नकोस. ओजसला नायट्रोवर बसायचंय, ते ठीक. पाय अधांतरी सोडून पाच वेळा उलटं करणारी ती गाडी आहे. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिथे पोरांना टाचा उंच करायला सांगणारे बाप मी पाहिलेत; केदारराव त्यातले नाहीत, तरी सांगून ठेवते. ती पट्टी म्हणजे कुणाची लहर नाही. अंगावर घट्ट बसणारं ते कडं ठरावीक बांध्याच्या माणसाला धरून ठेवतं. पोर लहान असलं की फट राहते. दारावरच्या मुलाने ‘नाही’ म्हटलं की नाही, त्याच्याशी हुज्जत नको.

आणि रांगेत मोबाईल हातात देऊ नकोस. रांगेतून वर बघायला शिकव. ओजसला विचार, या गाडीला इंजिन कुठे आहे? नाहीये. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम पृथ्वी करते. चढताना जो कटकट आवाज येतो तो बहुतेक अशा गाड्यांत मागे न घसरू देणाऱ्या खिट्टीचा असतो. मग पुढचा प्रश्न: पहिला चढच सगळ्यात उंच का, नंतर कुठलाच तेवढा का नाही? उत्तर देऊ नकोस. रांग चांगली लांब असते, विचार करू दे. जन्मभर विज्ञान शिकवलं त्यावरून सांगते, फळ्यावरच्या ऊर्जेच्या धड्यापेक्षा ही रांग बरी.

तिथे राजासौरसच्या नावाची नदीतली सफर आहे, ती मात्र खोडू नकोस. पोरांना वाटतं हा सिनेमावाल्यांनी काढलेला प्राणी. तो खराच आपल्याकडचा. गुजरातेत रायोलीला त्याची हाडं मिळाली आणि २००३ साली त्याचं नाव ठेवलं गेलं, राजासौरस नर्मदेन्सिस. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला मांसाहारी. त्याचा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि खोपोलीच्या मागे बोरघाटाचे जे काळे कडे दिसतात, तो लाव्हाही साधारण त्याच सुमारास थिजलेला. भिजून बाहेर आल्यावर मुलांना त्या कड्यांकडे बोट करून दाखव. त्याला तिकीट पडत नाही.

इरा घाबरली तर घाबरू दे. ‘बघ, ती तुझ्याएवढीच मुलगी बसली’ हे वाक्य आपल्या घरात पुरेसं वापरून झालंय. भीती वाटणाऱ्या पोराला ढकलून बसवलं की पोर धीट होत नाही, फक्त पुढच्या वेळी सांगत नाही. केदाररावांना उंचीची भीती आहे हे रायगडच्या रोपवेत सगळ्यांनी पाहिलंय. त्यांनी ते मुलांसमोर मोकळेपणी कबूल करावं आणि इराला घेऊन खाली आइस्क्रीम खात उभं राहावं. सासूबाईंनाही ‘तुम्ही बसा इथे, सामान बघा’ म्हणून बाकावर टांगू नकोस. बसून बघण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. दुपारचा एक तास त्यांच्यासोबत काढा. उन्हापासूनही सुटका होते.

आता राणीची बाग. इथे मी लांबण लावणार, तुझी तयारी ठेव.

१८६२ साली ती लोकांसाठी उघडली, तेव्हा ती मुळात झाडांची बाग होती. प्राणी मागाहून आले. हे लक्षात ठेव, कारण आजही तिथली अर्धी श्रीमंती झाडांचीच आहे आणि गर्दी मात्र वाघ कुठे, पेंग्विन कुठे असं विचारत त्यांच्याखालून पळते. कैलासपतीपाशी मुलांना थांबव. फांदी सोडून थेट खोडाला फुलं येतात आणि तोफगोळ्याएवढी फळं लोंबतात. गोरखचिंचेच्या खोडाला चौघांनी हात धरून वेढा घालून बघा, पुरतो का ते.

प्राण्यांची यादी करू नकोस. दोन निवड. तीन झाले तर माझी ना नाही. त्यातला एक पाणघोडा असू दे. लोक येतात, हिरवट पाणी बघतात, ‘काही नाहीये इथे’ म्हणून जातात. तुम्ही अर्धा तास उभे राहा. आधी पाण्यावर बुडबुडे येतात. मग दोन नाकपुड्या वर येतात आणि फस्सकन हवा सुटते. मग डोळे, आणि मग कान. ते कान तो इतक्या जोरात फिरवतो की पाण्याचे शिंतोडे उडतात. नाकपुड्या बंद करून पुन्हा खाली. पाच मिनिटांपर्यंत तो श्वास धरू शकतो. ओजसच्या हातात घड्याळ दे, किती वेळाने वर येतो ते मोजू दे. एवढं पाण्यात राहून तो धड पोहत नाही, तळावरून चालतो. नशीब चांगलं असेल तर तो बाहेर येऊन शेण टाकताना शेपटी पंख्यासारखी फिरवेल आणि चहूकडे उडवेल. इरा आठवडाभर हेच सांगेल. तू नाक मुरडू नकोस. आपली हद्द सांगायची ती त्यांची पद्धत आहे.

पेंग्विनसाठी रांग लागेल. मुलांना तेवढ्यात एक गोष्ट सांगून ठेव: हे बर्फातले नव्हेत. चित्रांच्या पुस्तकांनी घोळ केलाय. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथला समुद्र थंड, पण किनारा रखरखीत. चोचीच्या बुडाशी जी गुलाबी उघडी कातडी दिसते, तिच्यातून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचतात, त्यांत बिळं करून ते अंडी घालायचे. माणसांनी ते थर खत म्हणून खरवडून नेले आणि त्यांची घरं गेली. काचेवर टकटक करू देऊ नकोस. प्राण्याला डिवचणं, त्याला काही खायला टाकणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शेजारचं कुणी करत असलं तर तूही तोंड उघड. ‘आपल्याला काय करायचंय’ हे मुलं आपल्याकडूनच शिकतात.

इरा विचारेलच, ‘ते इथे तुरुंगात आहेत का?’ या प्रश्नाला घाबरून ‘नाही गं, मजेत आहेत, रोज मासे मिळतात’ असं उत्तर देऊन मोकळी होऊ नकोस. खरं सांग. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांत दगावला. २०१८च्या पंधरा ऑगस्टला पहिलं पिल्लू जन्मलं, तेही आठवडाभर जेमतेम जगलं. पुढची पिल्लं तगली, आज तिथे कुटुंबं आहेत. बाहेर भायखळ्याचा घामट उन्हाळा आणि आत १६ ते १८ अंश, वीज सतत चालू. हा खर्च करावा का, यावर तेव्हा मुंबईत भरपूर भांडण झालं. माझं मत विचारशील तर ज्या प्राण्याला इथली हवा चालते त्याच्यासाठी मोठी जागा करणं मला जास्त पटतं. पण पेंग्विनच्या काचेपुढे नाक लावून गप्प झालेली पोरंही मी पाहिलीत, म्हणून हट्टाने बोलत नाही. तुझ्या मुलांना दोन्ही बाजू दे. सहा वर्षांच्या पोरीला ‘मलाही नक्की कळत नाही’ असं आईने सांगितलं तर आईची किंमत कमी होत नाही.

पाय शिल्लक असतील तरच बागेच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती दाखव. तो घारापुरीचा. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, म्हणून इथे राहिला; तुकडे पुढे जोडले. शहरातून हलवलेला काळ्या घोड्याचा पुतळाही त्याच आवारात आहे. संग्रहालयाच्या आत मात्र त्या दिवशी जाऊ नका. थकलेल्या मुलांना काचेच्या कपाटांसमोरून फिरवलं की त्यांना संग्रहालयाचा कायमचा कंटाळा बसतो.

फोटो सकाळीच काढून घ्या, कपडे स्वच्छ असताना, आणि फोन पर्समध्ये टाक. दुपारी एकच्या आत बागेतून बाहेर पडा आणि जेवायला गिरगावात या. वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असेल. सासूबाईंना जिना चढायचा नसेल तर डबा खाली आणून देईन.

आणि हो, राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. वार बघून नीघ आणि मला आदल्या रात्री फोन कर.

तुझी,
मावशी