‘मुकादम’ : एका शब्दाचा इतिहास

उसाच्या फडात, रेल्वेच्या रुळांवर, नगरपालिकेच्या सफाई खात्यात ‘मुकादम’ हा शब्द आजही रोज उच्चारला जातो. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांच्या घरांतील माणसे मुकादमाच्या हाताखाली राबलेली आहेत. म्हणून या शब्दाचा अर्थ आणि इतिहास जाणून घेणे अगत्याचे ठरते.

शब्द मूळचा अरबी; फारसीमार्गे तो मराठीत आला. मूळ रूप ‘मुकद्दम’. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ आणि न्यायालयापुढे ठेवला जाणारा ‘मुकदमा’ ही त्याचीच भावंडे. व्याकरणदृष्ट्या हे कर्मणी रूप आहे : मुकद्दम म्हणजे ‘पुढे ठेवला गेलेला’. अर्थातच त्याला पुढे ठेवणारा कोणी दुसराच असतो. या शब्दाचा सारा इतिहास त्या एका रूपात सामावला आहे.

दिल्लीच्या सुलतानशाहीत मुकद्दम हा गावचा प्रमुख होता. दख्खनमध्ये पाटलाला हेच नाव मिळाले. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘मोकदम’ आणि त्याच्या हक्कासाठी ‘मोकदमी’ हे शब्द आढळतात. गावचा सारा वसूल व्हावा म्हणून राज्यसत्तेने पाटलाला पुढे ठेवले. त्याच्या हुकुमाखाली वतनदार महारांना वेळी-अवेळी सरकारी कामे करावी लागत. तुटपुंज्या वतनापायी सारे कुटुंब जखडले जाई. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले.

पुढे गिरण्या आल्या. मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाची जागा जॉबरने घेतली. कामावर घेणे, काढणे, अडीनडीला कर्ज देणे आणि नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी घेणे ही सारी सूत्रे त्याच्या हाती होती. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर टीका केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमनच्या कामातच कसा अडकून पडतो, हेही त्यांनी दाखवून दिले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली आणि कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायदादुरुस्ती झाली. नोकरी मध्यस्थाच्या मर्जीने मिळण्याऐवजी नोंदणीने मिळावी, कामाचे तास कायद्याने ठरावेत, हा त्यामागील विचार होता.

ऊसतोडीत मात्र जुनी रीत टिकून आहे. कारखान्याकडून पैसा मुकादमाकडे येतो. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, हंगामापूर्वी उचल देतो. उचल फिटली नाही, तर पुढचा हंगामही बांधला जातो. पुष्कळदा मुकादमही कष्टकरी समाजातलाच असतो. मजूर पळाला, की कारखान्याची बाकी त्याच्याच डोक्यावर बसते. तोही ‘पुढे ठेवला गेलेला’च. कर्जापोटी माणसाला कामाला जखडणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजे.

येथे शिक्षणाचे मोल कळते. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, बाकी किती उरली, हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ती वही वाचणारे मूल घरात असेल, तर आकडा सहजासहजी फिरवता येत नाही. पालकांनी हा हिशेब लिहून घ्यावा आणि मुलांकडून तपासून घ्यावा.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज स्वतःच अभियंते, पर्यवेक्षक वा अधिकारी आहेत. त्यांच्या हाताखाली माणसे आहेत. आपल्याला पुढे कोणी ठेवले, एवढेच त्यांनी पाहू नये. आपल्या मागे कोण उभे आहे, हेही वळून पाहावे. हजेरीपट खरा ठेवावा, मजुरी वेळेवर द्यावी आणि कामगाराला त्याच्या नावाने हाक मारावी.