कोमुनिदादीची निवडणूक आणि खाजणाचा बांध

गोव्यातील जुन्या गावांच्या भातजमिनी, भरडी व माळ यांचा मोठा भाग शतकानुशतके कोणा एका खातेदाराचा नव्हता. तो गावकऱ्यांच्या संघाचा होता. या संघास पूर्वी गावकारी म्हणत. पोर्तुगीज अमदानीत त्यास कोमुनिदाद हे नाव पडले. तिचे रीतिरिवाज 1526 साली आफोंसो मेशिया याच्या सनदेत नोंदले गेले. आज लागू असलेली संहिता मात्र 1961 ची, म्हणजे मुक्तीच्या काही महिने आधीची आहे. राज्यात अशा दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत.

कोमुनिदादीचा कारभार व्यवस्थापक मंडळ पाहते. अध्यक्ष, खजिनदार व मुखत्यार असे तिघे व त्यांचे बदली सदस्य दर तीन वर्षांनी घटकांच्या सभेत निवडले जातात. दप्तर सांभाळणारा कारकून, ज्यास गावात एश्क्रिव्हांव म्हणतात, हा निवडून येत नाही. वर शासनाने नेमलेला प्रशासक असतो. तिघांपैकी मुखत्याराचे पद लोक गौण मानतात. ही चूक होय. कोमुनिदादीच्या वतीने न्यायालयात उभा राहतो तो मुखत्यार. अतिक्रमणाविरुद्ध वेळीच दाद मागितली जाते की नाही, हे पुष्कळ अंशी त्याच्यावरच अवलंबून असते.

मत कोणास, हा प्रश्न नाजूक आहे. गावात राहणारा प्रत्येक प्रौढ मनुष्य येथे मतदार नव्हे. मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशातील, जोण घेण्यास पात्र म्हणून नोंद झालेले पुरुष, तसेच काही ठिकाणी भागधारक, एवढेच घटक होत. गावकऱ्याच्या कन्येस जोण नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्या परक्या कुळास तर मत नाहीच. याउलट मुंबईत वा परदेशी स्थायिक झालेल्या गावकऱ्याचा हक्क कायम राहतो, पण सभेस तो क्वचितच येतो. परिणामी शेकडो घटकांच्या कोमुनिदादीचे मंडळ मूठभर उपस्थितांकडून निवडले जाते. माळाचे भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावेत की नाही हा विषय पुढे याच मंडळामार्फत सर्वसाधारण सभेपुढे येतो. शासनाची मंजुरी पुढची पायरी आहे. पण प्रस्तावाचा उगम गावातच असतो.

खाजणाची स्थिती निराळी आहे. 1964 च्या कूळ कायद्याने व त्यातील 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास हक्क मिळाले, आणि 1975 च्या नियमांनुसार बांध राखण्याची संयुक्त जबाबदारी कूळ संघांकडे आली. या संघाची समिती कुळेच निवडतात. म्हणजे एकाच गावात दोन निवडणुका, दोन मतदारवर्ग. आपण नेमके कोणत्या यादीत आहोत हे पुष्कळांस ठाऊक नसते.

कूळ संघाच्या निवडणुकीतील खरा प्रश्न मानशीचा असतो. भरतीचे पाणी आत येऊ न देणे व ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणे हे मानशीच्या दारांचे काम. मानशीवरील मासळीचा लिलाव होतो व त्याची रक्कम संघास मिळते. मक्तेदारास मासळीसाठी खारे पाणी आत हवे असते. भातकऱ्यास ते नको असते. समितीत न कसणारे, केवळ नावापुरते कूळ असलेले सभासद जास्त झाले की रात्री दारे उघडी राहतात. बांध खचून खारे पाणी शेतात शिरले तर क्षार धुवून जाण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर कोरगूटासारखे क्षारसहिष्णू भातदेखील नीट येत नाही. मी पाहिलेल्या एका गावी लिलावाच्या अटींत दारे केव्हा बंद ठेवावीत याचा उल्लेखच नव्हता, आणि सभेत कोणी ते विचारलेही नव्हते.

म्हणून भातकऱ्यांनी समितीच्या निवडणुकीस उभे राहावे, लिलावापूर्वी अटी वाचून घ्याव्यात व दारांचे वेळापत्रक लेखी लिहवून घ्यावे. गावकऱ्यांनी वडिलांच्या पश्चात आपले नाव जोणाच्या नोंदीत आले आहे काय, हे निवडणुकीचे वर्ष उजाडण्यापूर्वीच एश्क्रिव्हांवाकडे जाऊन पाहावे.