टीसीपीचे मानक आणि आपले म्हणणे

प्रश्न : मी नाशिकला संगणक अभियांत्रिकी शिकते. टीसीपीसारख्या जुन्या प्रोटोकॉलचे मानक बदलताना आमच्यासारख्यांना काही सांगता येते का?

उत्तर : हो, बेलाशक सांगा. ही मानके आयईटीएफ (इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्स) ही संघटना तयार करते. तिथे सभासदत्व नाही की रीतसर मतदान नाही. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या पटला पाहिजे, मग तो विद्यार्थिनीचा का असेना.

टीसीपीचेच उदाहरण घ्या. त्याचे १९८१चे मानक म्हणजे आरएफसी ७९३. त्यात ‘अर्जंट पॉइंटर’ तातडीच्या डेटाचा शेवटचा बाइट दाखवतो की त्याच्या पुढचा, याबद्दल दोन ठिकाणी दोन विधाने होती. १९८९मध्ये ‘शेवटचा’ असा निर्वाळा दिला गेला. पण प्रत्यक्षातली सॉफ्टवेअर पुढचाच बाइट धरत राहिली. अखेर २०११मध्ये मानकानेच व्यवहार मान्य केला, आणि ते योग्यच झाले. साठलेल्या दुरुस्त्या एकत्र करून २०२२मध्ये आरएफसी ९२९३ आले.

म्हणून नुसते मत कळवू नका. वायरशार्कवर पॅकेट पकडा, मानकातले नेमके कलम आणि दिसलेले वर्तन शेजारी मांडा. मसुदे विनामूल्य वाचता येतात, मंजुरीपूर्वी हरकतींना मुदत असते. प्रसिद्ध झालेल्या आरएफसीतली चूकही कुणालाही नोंदवता येते. सुरुवात तिथूनच करा.