भरवसा आधी, मिनिटं नंतर

बास्केटबॉलच्या सामन्यात १० मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि कोर्टवर एका वेळी पाच जणी. सामना जादा वेळेत गेला नाही, तर कोचच्या हातात वाटायला बरोबर २०० मिनिटं उरतात. संघात १२ जणी. सारखी वाटणी केली तर एकीच्या वाट्याला १७ मिनिटंही येत नाहीत, आणि सारखी वाटणी कुठलाच कोच करत नाही. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा जवळ आल्या की मुली मला विचारतात, "मॅडम, मला खेळवणार ना?" त्यांना मी आधी हा हिशेब मांडून दाखवते. तुमची मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येणार आहेत. ती तिच्याकडून काढून तुम्हाला का द्यावीत, याचं उत्तर कोचला तुमच्या खेळात दिसायला हवं.

मी सांगलीत शिकताना कॉलेजच्या संघातून खेळले आणि पुढे सातारा जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवायला लागले. दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे आधी झोनल, मग इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा ही वाट मी खेळाडू म्हणूनही पाहिली आणि आता शिक्षिका म्हणूनही पाहते. या वाटेवर चांगल्या चांगल्या मुली बेंचवर राहून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बहुतेकींचा शॉट उत्तम होता. कमी पडला तो भरवसा. आत गेल्यावर ही मुलगी काय करेल, याचा अंदाज कोचला आधीपासून बांधता येणं म्हणजे भरवसा. तो कसा मिळतो आणि कसा जातो, ते जसं पाहिलं तसं सांगते.

दोन-तीन मिनिटांची संधी

पहिल्या वर्षी मी बेंचवर होते. माझ्या शेजारी एक मैत्रीण बसायची. तिचा शॉट आमच्या संघातल्या कुणाहीपेक्षा देखणा होता. एका सामन्यात आमच्या मुख्य खेळाडूवर पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाऊल लागले. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर जाते, म्हणून तिला जपायला सरांनी मैत्रिणीला आत पाठवलं. वेळ थोडा आहे, काहीतरी करून दाखवलं पाहिजे, असं तिच्या मनात आलं असावं. बॉल हातात आला तसा तिनं लांबून शॉट मारला. तो गेला नाही. पुढच्या वेळीही तेच. दोन्ही वेळा ती शॉट कुठे जातो ते बघत उभी राहिली आणि तिनं अडवायची ती समोरची खेळाडू धावत जाऊन सोपा लेअप टाकून आली. सरांनी तिला लगेच बाहेर घेतलं. सरांना मी आवडत नाही, हे तिनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं, आणि तिच्या खेळाचं खरं नुकसान तिथून सुरू झालं. पुढे सरावातही ती सरांचा चेहरा बघून खेळायला लागली.

बेंचवरच्या मुलीला संधी बहुतेक वेळा अशीच मिळते: कुणाचे फाऊल झाले म्हणून, कुणी दमली म्हणून. त्या दोन-तीन मिनिटांत कोचची अपेक्षा साधी असते. फरक वाढू नये. बॉल फुकट जाऊ नये. आपली खेळाडू मोकळी सुटू नये. समोरच्यांचा शॉट चुकला, तर आपल्या खेळाडूला पाठीमागे अडवून बॉक्स-आउट व्हावा. फाऊल विचार करून व्हावा, कारण एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल भरले की पुढच्या प्रत्येक डिफेन्सच्या फाऊलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. एवढं झालं, तर एकही बास्केट न करता तुम्ही काम पूर्ण केलेलं असतं आणि पुढच्या वेळी कोच बेंचकडे वळतो तेव्हा त्याची नजर तुमच्यावर थांबते.

शॉट घ्यायचाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. मोकळा मिळालेला शॉट घ्याच. जी कधीच शॉट घेत नाही तिच्यावर समोरचा संघ खेळाडू लावत नाही, आणि मग तुमच्या बाकीच्या चौघींना पाच जणींशी झुंजावं लागतं. कुठला शॉट तुमचा आणि कुठला नाही, हे सरावातच कोचशी बोलून ठरवून ठेवा.

डिफेन्समध्ये तोंड उघडा

आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी आधी कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या असतात. गुडघ्यात वाकून राहणं, झटक्यात दिशा बदलणं त्यांच्या अंगात असतं, आणि बास्केटबॉलच्या डिफेन्सला नेमकं तेच लागतं. कबड्डीत चढाईवाली एका कोपऱ्यात शिरली की अख्खी साखळी तिच्याबरोबर सरकते. इथेही तसंच आहे. बॉल उजवीकडे गेला की डावीकडच्या दोघींनी रिंगच्या दिशेनं सरकायचं असतं. जी सरकत नाही, तिच्या बाजूनं साखळी तुटते.

पण कबड्डीतून आलेली मुलगीही एका ठिकाणी अडते. ती बोलत नाही. मुलीनं मोठ्यानं ओरडू नये, हे घरात ऐकत ऐकत ती मोठी झालेली असते. पाठीमागून स्क्रीन येतोय हे तिला दिसतं, मैत्रिणीला दिसत नाही, आणि ही गप्प राहते. "स्क्रीन डावीकडे", "हेल्प आहे", "बॉल माझा" हे शब्द कोर्टच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेले पाहिजेत. यासाठी उंची लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. जी मुलगी बोलते तिच्यामुळे बाकीच्या चौघींचा डिफेन्स सुधारतो, आणि कोचला ते बाहेरून स्पष्ट ऐकू येतं.

शेन बॅटिए या अमेरिकी खेळाडूचं उदाहरण मी मुलींना सांगते. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या विजेत्या संघात तो होता, पुढे एनबीएत मायामीकडून २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं त्याला मिळाली. एनबीएत त्याच्या नावावर गुण बेताचेच असत. पण तो कोर्टवर असला की त्याचा संघ चांगला खेळे आणि समोरच्या संघाच्या मोठ्या खेळाडूंचा खेळ बिघडे. हे मोजायची एक सोपी रीत आहे. एखादी मुलगी आत असताना आपण किती गुण केले आणि समोरच्यांनी किती, एवढी वजाबाकी करायची. साध्या वहीत मावते. दोन-चार सामन्यांवरून निकाल काढू नये, पण हंगामभर नोंद ठेवली तर गुणतक्त्यात न दिसणाऱ्या मुली त्यात दिसायला लागतात. तुमचे कोच अशी वही ठेवत नसतील, तर बेंचवर बसल्या बसल्या तुम्ही ठेवा. बसण्याचा वेळ वाया जात नाही आणि सामना वाचायची सवय लागते.

एसटी, पाऊस आणि सांगून ठेवलेली गोष्ट

आपल्याकडची बरीच कोर्टं मोकळ्यावरची आणि सिमेंटची आहेत. साताऱ्यात पावसाळा लागला की ती दिवसचे दिवस ओली राहतात आणि नेमका तोच हंगामाच्या तयारीचा काळ असतो. अशा दिवशी सराव व्हरांड्यात किंवा सभागृहात होतो. पायांची हालचाल, दोन्ही हातांनी ड्रिबल, उडी मारून नीट उतरणं, फळ्यावर आखलेली चाल समजून घेणं. कंटाळवाणं वाटतं म्हणून बऱ्याच मुली त्या दिवशी येत नाहीत. पण सामन्यात टाइमआउट मिळतो ६० सेकंदांचा. तेवढ्यात कोच नवं काही शिकवू शकत नाही, फक्त आठवण करून देऊ शकतो. फळ्यासमोर जी नव्हती तिला कसली आठवण करून देणार?

दुसरा प्रश्न एसटीचा. कोरेगाव, वाई, तासगाव, पलूस या बाजूंनी पास काढून येणाऱ्या मुली सराव अर्धा टाकून बस गाठायला पळतात. कोचला कारण ठाऊक नसेल, तर त्याला फक्त लवकर जाणारी मुलगी दिसते. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगा: माझी शेवटची गाडी अमुक वाजता आहे, मी अमुक वेळेपर्यंत थांबू शकते, सकाळी लवकर येऊ शकते. घरून परवानगीची अडचण असेल, प्रॅक्टिकल असेल, परीक्षा असेल, तेही आधी सांगा. न येण्यापेक्षा न सांगता न येण्यानं भरवसा लवकर तुटतो.

विचारायचं, पण कसं

सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना, अंगानं लहानखुरे म्हणून क्रीडाशिक्षक त्यांचं नाव कॉलेजच्या कुस्ती स्पर्धेत घ्यायला तयार नव्हते. खाशाबांनी प्राचार्यांकडे जाऊन संधी मागितली, ती मिळाली आणि त्यांनी आखाड्यात स्वतःला सिद्ध केलं. पुढे हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. संधी मागण्यात कमीपणा नाही. मागितलेल्या संधीचं सोनं करायची तयारी मात्र हवी.

मागण्याचीही वेळ असते. सामना हरल्यावर लगेच, सगळ्यांसमोर, किंवा वडिलांकरवी फोन करून विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरावाआधी एकट्या जा. "मला का खेळवत नाही?" या प्रश्नाला कोच स्वतःचा बचाव करतो. "शेवटच्या पाच मिनिटांत मला आत पाठवायचं तर तुम्हाला माझ्याबद्दल कशाची खात्री हवी?" असं विचारलंत, तर त्याला नेमकं काहीतरी सांगावंच लागतं. डावा हात कच्चा आहे, प्रेस आला की बॉल जातो, फ्री थ्रो भरवशाचा नाही. जे सांगितलं जाईल ते लिहून घ्या.

दुखणं लपवू नका

माझ्या हाताखाली खेळलेल्या एका मुलीचा गुडघा सरावात मुरगळला होता. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि सांगितलं तर जागा जाईल, या भीतीनं तिनं ते कुणालाच कळू दिलं नाही. पट्टा पॅन्टखाली बांधून ती खेळत राहिली. रिबाउंड घेऊन खाली उतरताना तोच पाय वळला आणि ती उठू शकली नाही. गुडघ्यातला एसीएल फाटला होता. ऑपरेशन झालं, तो हंगाम गेला, पुढचाही बराचसा गेला. अशा दुखापतीतून खेळात परतायला साधारण नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. उड्या आणि वळणांच्या खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता उतरायचा सराव वॉर्म-अपमध्ये रोज केला तर हा धोका कमी करता येतो. हा सराव टाळू नका.

दुखतंय हे सांगणारी मुलगी कोचला कमकुवत वाटत नाही, निदान वाटता कामा नये. शिक्षकांनाही माझं सांगणं आहे: जी खरं बोलून विश्रांती घेते, तिला बरं झाल्यावर जागेसाठी पुन्हा रीतसर संधी द्या. एकीची जागा खरं बोलल्यामुळे गेली, तर त्या दिवसापासून अख्खा संघ दुखणी लपवायला लागतो. तसंच प्रत्येकीला तिचं काम काय आहे ते हंगामाच्या सुरुवातीला स्पष्ट सांगा. भरवसा खेळाडूनं मिळवायचा असतो, तसा कोचनंही मिळवायचा असतो.

आणि मुलींनो, भरवसा म्हणजे मुकाट्यानं सोसणं नव्हे. मिनिटांचं आमिष दाखवून कुणी अंगाशी येत असेल, नको ते मेसेज करत असेल, एकटीला बोलावत असेल, तर तो खेळाचा भाग नाही. घरी सांगा, विश्वासातल्या शिक्षिकेला सांगा, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्या. कुठल्याही संघातली कुठलीही जागा त्यापेक्षा मोठी नाही.

बाकी सगळं तुमच्या हातात आहे. पुढच्या सरावाला थोडं लवकर या. डिफेन्समध्ये आवाज काढा. प्रत्येक शॉटला बॉक्स-आउट करा, मग शॉट कुणाचाही असो. एखादा शांत दिवस बघून कोचला तो प्रश्न विचारा. उत्तर कडू लागलं तरी महिनाभर त्याच एका गोष्टीवर घाम गाळा आणि मग पुन्हा विचारायला जा. कितीतरी वेळा मुलगी दुसऱ्यांदा विचारायला येण्याआधीच मी तिचं नाव पुढच्या सामन्याच्या पहिल्या पाचांत लिहिलेलं असतं.